आजारांचे संकेतांक बदलतात तेव्हा

न्यूमोनियाने होणारे मृत्यू एका वर्षात तीस टक्क्यांनी घटतील का? अमेरिकेच्या मृत्यूंच्या आकडेवारीत १९९८ साली इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनिया या सदराखाली ९१,८७१ मृत्यू दाखवले होते. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्याच सदरात ६३,७३० मृत्यू आढळतात. या मधल्या काळात एवढी घट घडवून आणेल असे नवे औषध निघाले नव्हते, की तशी एखादी मोठी लसीकरण मोहीम झाली नव्हती. याच दोन वर्षांत अल्झायमर रोगाने झालेल्या मृत्यूंचा आकडा मात्र २२,७२५ वरून ४४,५३६ वर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला.

माणसे पूर्वीसारखीच मरत होती. बदलली होती ती मृत्यूच्या कारणांची यादी. १ जानेवारी १९९९ पासून अमेरिकेने मृत्युदाखल्यांवरील कारणे नोंदवण्यासाठी 'रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणा'ची, म्हणजेच आयसीडीची, नववी आवृत्ती सोडून दहावी आवृत्ती स्वीकारली. मोजपट्टी बदलली की मापे बदलणारच. प्रश्न असा की, किती फरक मोजपट्टीचा आणि किती खरा, हे कसे ओळखायचे? आणि याच मोजपट्टीवर डॉक्टरांचे, रुग्णालयांचे पैसेही अवलंबून असतील, तर ती बदलण्याआधी कोणती तपासणी करायला हवी? या दोन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

यादी कशी जन्मली?

सतराव्या शतकात लंडन शहरात दर आठवड्याला मृत्यूंची पत्रके छापली जात. मृतदेह पाहून कारण सांगण्याचे काम प्रत्येक परगण्यातील वृद्ध स्त्रियांकडे असे. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने अशा अनेक वर्षांच्या पत्रकांचा अभ्यास करून १६६२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. जन्मलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे छत्तीस मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावतात, असा अंदाज त्याने या पत्रकांवरून बांधला. पत्रकांतील कारणे मात्र मोठी मजेदार होती. 'दात' हे एक कारण, तर 'अचानक' हे दुसरे!

ग्राँटच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. उपदंशासारख्या, लाज वाटावी अशा आजाराचे मृत्यू पत्रकांत फारच थोडे दिसत. या स्त्रियांच्या हातावर थोडे पैसे ठेवले, त्यांना पेलाभर दारू पाजली, की तोच मृत्यू 'क्षय' म्हणून नोंदला जाई, असा त्याचा तर्क होता. म्हणजे नोंद करणाऱ्याला काय मिळते यावर नोंद काय होते हे काही अंशी ठरते. हा धडा साडेतीनशे वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ साली जन्म-मृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. दोन वर्षांनी विल्यम फार हे वैद्यकीय शिक्षण घेतलेले गृहस्थ त्या कार्यालयात दाखल झाले. एकाच रोगाला तीन-चार नावे आणि एकाच नावाखाली अनेक रोग, असा गोंधळ त्यांना दिसला. भौतिकशास्त्राला जशी वजने आणि मापे, तशी रोगांच्या अभ्यासाला नावांची निश्चित यादी हवी, असे त्यांनी पहिल्याच अहवालात मांडले.

१८५३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने सर्व देशांना चालेल अशी यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सोपवले. १८५५ मध्ये दोघांनी दोन वेगळ्या याद्या आणल्या. फार यांनी शरीराच्या कोणत्या भागाला रोग झाला याला महत्त्व दिले होते, तर देस्पीन यांनी रोगाच्या स्वरूपाला. परिषदेने दोन्हींचा मेळ घालून १३९ सदरांची यादी मान्य केली. कोणतेही वर्गीकरण निसर्गात तयार सापडत नाही, ते माणसे तडजोडीने ठरवतात, हे यातून दिसते.

पुढे पॅरिस शहराच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाक बर्तियाँ यांनी नवी यादी तयार केली आणि १८९३ मध्ये शिकागो येथे ती स्वीकारली गेली. (गुन्हेगारांची ओळख शरीराच्या मापांवरून पटवण्याची पद्धत काढणारे अल्फाँस बर्तियाँ हे त्यांचे बंधू.) १८९८ साली अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेने अशी सूचना केली की, वैद्यकाचे ज्ञान वाढत असल्यामुळे दर दहा वर्षांनी या यादीची फेरतपासणी व्हावी. १९०० साली पॅरिसमध्ये पहिली फेरतपासणी झाली. यादीत तेव्हा १७९ सदरे होती.

१९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. त्याच वेळी एक महत्त्वाचा बदल झाला: मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही यादीत समावेश झाला. मृतांसाठी निघालेली यादी आता जिवंत रुग्णांच्या कागदपत्रांवर आली.

पहिली परीक्षा : अर्थ टिकला का?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संख्याशास्त्र केंद्राने १९९६ सालचे मृत्युदाखले घेतले आणि तेच दाखले दोनदा वर्गीकृत केले: एकदा नवव्या आवृत्तीप्रमाणे आणि एकदा दहाव्या. अठरा लाखांहून अधिक दाखल्यांवर हे काम झाले. नंतर प्रत्येक कारणासाठी साधा भागाकार केला. दहाव्या आवृत्तीप्रमाणे आलेली संख्या भागिले नवव्या आवृत्तीप्रमाणे आलेली संख्या. यालाच तुलनाक्षमता गुणोत्तर म्हणतात. ते १ आले तर यादी बदलल्याने काही फरक पडला नाही. १ पेक्षा कमी आले तर नव्या यादीत ते कारण कमी वेळा निवडले जाते.

इन्फ्लुएन्झा व न्यूमोनियासाठी हे गुणोत्तर ०.६९८२ आले. कारण सरळ होते. दाखल्यावर न्यूमोनियाबरोबर दुसरा गंभीर आजारही लिहिलेला असेल, तर न्यूमोनिया हा त्या आजाराचा परिणाम मानून मूळ कारण म्हणून दुसरा आजार घ्यावा, हा नियम दहाव्या आवृत्तीत अधिक व्यापक झाला होता. आता १९९८ च्या ९१,८७१ या आकड्याला ०.६९८२ ने गुणून पाहा. उत्तर येते सुमारे ६४,१४४. प्रत्यक्ष १९९९ चा आकडा होता ६३,७३०. म्हणजे तीस टक्क्यांची ती भव्य घट जवळजवळ पूर्णपणे मोजपट्टीची होती.

अल्झायमरचे गुणोत्तर १.५५३६ आले. २२,७२५ ला त्याने गुणले की सुमारे ३५,३०६ मिळतात. पण १९९९ चा आकडा ४४,५३६ होता. म्हणजे इथे यादीतील बदलाने वाढीचा मोठा भाग समजतो, पण सगळा नाही. उरलेल्या भागाचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे. दोन मोजपट्ट्यांमध्ये असा पूल बांधला नसता, तर न्यूमोनियावर मिळवलेल्या काल्पनिक विजयाचा आनंद साजरा झाला असता आणि अल्झायमरच्या काल्पनिक साथीची भीती पसरली असती.

निदानावर पैसे मिळू लागले

मृतांसाठी दहावी आवृत्ती १९९९ मध्ये आली, परंतु जिवंत रुग्णांसाठी अमेरिकेत १९७९ पासून चालत आलेली नवव्या आवृत्तीची विस्तारित यादीच चालू राहिली. ती २०१५ पर्यंत! जवळजवळ सतरा वर्षे त्या देशात माणूस जिवंत असताना त्याचा आजार एका यादीने आणि मेल्यावर दुसऱ्या यादीने नोंदला जात होता.

एवढा उशीर का झाला? कारण मधल्या काळात निदानाचा संकेतांक पैशांशी जोडला गेला होता. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना आहे. १९८३ पासून या योजनेने रुग्णालयाला प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे पैसे देणे थांबवले. त्याऐवजी निदानावरून रुग्णाचा गट ठरवायचा आणि त्या गटासाठी ठरलेली रक्कम द्यायची, अशी पद्धत सुरू झाली. येल विद्यापीठातील रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी हे निदानगट विकसित केले होते. आता निदानाचा संकेतांक चुकला तर नुसती आकडेवारी बिघडत नाही, तर देयकच परत येते. मोठे रुग्णालय हा धक्का सोसू शकते. पण दोन डॉक्टर आणि चार कर्मचारी यांवर चालणारा छोटा दवाखाना दोन महिने पैसे आले नाहीत तर पगार कोठून देणार? या बदलाची धास्ती होती ती इथे.

बदलही लहान नव्हता. जुन्या यादीत निदानांचे सुमारे १४,००० संकेतांक होते, नव्या यादीत सुमारे ६९,०००. जुना संकेतांक तीन ते पाच स्थानांचा, तर नवा तीन ते सात स्थानांचा आणि अक्षराने सुरू होणारा. उजवा हात की डावा, पहिली भेट की नंतरची, हेही नव्या संकेतांकात येते. कासवाची धडक बसणे किंवा पाण्यावर घसरण्याच्या पट्ट्यांना आग लागून भाजणे यांनाही वेगळे संकेतांक आहेत, यावर वृत्तपत्रांतून बरीच थट्टा झाली.

पण खरी अडचण वेगळीच होती. काही ठिकाणी जुन्या एका संकेतांकाचे नव्यात अनेक झाले, तर काही ठिकाणी उलटे. प्राथमिक उच्च रक्तदाबाचे जुन्या यादीत तीन संकेतांक होते, तर नव्यात आय १० हा एकच आहे. त्यामुळे एका बाजूने भाषांतर केले आणि तेच पुन्हा उलटे केले, तर आपण निघालो तिथे परत येऊच याची खात्री नाही. त्यातून काही संकेतांक दोन्ही याद्यांत दिसायला सारखेच! 'व्ही १०' म्हणजे जुन्या यादीत पूर्वी कर्करोग होऊन गेल्याची नोंद. नव्या यादीत 'व्ही १०' म्हणजे पादचाऱ्याशी किंवा जनावराशी टक्कर होऊन जखमी झालेला सायकलस्वार. संगणकाला यातले काय ते कसे कळणार? त्यासाठी दाव्याच्या अर्जावर कोणती यादी वापरली हे सांगणारा एक अंक लिहावा लागे, नवव्या आवृत्तीसाठी ९ आणि दहाव्यासाठी ०.

दुसरी परीक्षा : यंत्रणा चालेल का?

२००९ च्या जानेवारीत सरकारने नियम काढला की १ ऑक्टोबर २०१३ पासून नवी यादी लागू होईल. २०१२ मध्ये ही तारीख एक वर्ष पुढे गेली. एप्रिल २०१४ मध्ये संसदेच्या एका कायद्याने ती आणखी पुढे ढकलली आणि अखेर १ ऑक्टोबर २०१५ हा दिवस ठरला. दर वेळी तयारी केलेल्यांचा खर्च वाया गेला आणि तयारी न केलेल्यांना वाट पाहण्याची सवय लागली.

दरम्यान १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी सरकारची आरोग्यविम्याची नवी संगणकीय बाजारपेठ सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी कोलमडली. तिचे भाग वेगवेगळे तपासले होते, पण सगळी साखळी एकत्र चालवून पुरेशी पाहिली गेली नव्हती. साखळीची प्रत्येक कडी मजबूत असली तरी दोन कड्या एकमेकींत अडकतात की नाही, ही वेगळीच गोष्ट असते. त्यामुळे मेडिकेअरच्या दाव्यांसाठी सलग, म्हणजे पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंतची चाचणी घ्या, ही मागणी जोर धरू लागली.

चाचण्या दोन पातळ्यांवर झाल्या. पहिली पोचपावतीची चाचणी. दवाखान्याने नव्या संकेतांकांसह नमुन्याचा दावा पाठवायचा आणि तो दारातून आत घेतला जातो की परत येतो, एवढेच पाहायचे. मार्च २०१४ मधील अशा पहिल्या आठवड्यात सुमारे २,६०० संस्थांनी १,२७,००० हून अधिक दावे पाठवले. त्यांतील ८९ टक्के स्वीकारले गेले. नेहमीच्या कामकाजात हे प्रमाण ९५ ते ९८ टक्के असते.

मग हे अपयश म्हणायचे का? तसे म्हणता येत नाही. काही संस्थांनी मुद्दाम चुकीचे दावे पाठवले होते. चुकीचा दावा परत येतो ना, हेही पाहायला हवेच. कुलूप तपासताना योग्य किल्लीने ते उघडते एवढेच पाहून भागत नाही, चुकीच्या किल्लीने उघडत नाही हेही पाहावे लागते.

दुसरी पातळी सलग चाचणीची. यात दावा आत जाऊन, सर्व छाननीतून पार पडून, किती पैसे मिळाले असते याचे विवरणपत्र परत येईपर्यंतचा प्रवास होता. २०१५ मध्ये अशा तीन फेऱ्या झाल्या:

जानेवारी-फेब्रुवारी : १४,९२९ दावे आले, १२,१४९ स्वीकारले, ८१ टक्के.
एप्रिल-मे : २३,१३८ दावे आले, २०,३०६ स्वीकारले, ८८ टक्के.
जुलै : २९,२८६ दावे आले, २५,६४६ स्वीकारले, ८७ टक्के.

पहिल्या फेरीचा ८१ हा आकडा पाहून अनेकांच्या छातीत धस्स झाले. परंतु न स्वीकारलेल्या १९ टक्क्यांची फोड केली की चित्र बदलते. ३ टक्के दाव्यांत नव्या यादीतील अवैध संकेतांक होते. आणखी ३ टक्क्यांत जुन्या यादीचे संकेतांक चुकीच्या जागी वापरले होते. उरलेल्या १३ टक्क्यांत चूक संकेतांकांची नव्हतीच. डॉक्टरचा किंवा रुग्णाचा क्रमांक चुकलेला, तारीख चाचणीसाठी ठरलेल्या मुदतीबाहेरची, अशा त्या चुका होत्या. म्हणजे परीक्षा ज्या विषयाची होती, त्या विषयात शंभरातले सहाच नापास झाले. एकूण टक्केवारी पाहून मत बनवण्याआधी तिची फोड मागावी, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

सीमारेषेवरच्या दिवसांचा प्रश्न विशेष नाजूक होता. २८ सप्टेंबरला दाखल झालेला रुग्ण ३ ऑक्टोबरला घरी गेला तर कोणती यादी? नियम असा केला की दाखल रुग्णासाठी घरी सोडण्याची तारीख पाहायची, म्हणजे नवी यादी. बाह्यरुग्णासाठी सेवेची तारीख पाहायची, आणि सेवा दोन्ही बाजूंना पसरली असेल तर दोन वेगळे दावे करायचे. शिवाय सप्टेंबरमधील कामाचे दावे पुढे कित्येक महिने येत राहणार, म्हणून जुनी यादीही बंद करून चालणार नव्हते. संगणकांना काही काळ दोन भाषा बोलाव्या लागणार होत्या. ज्यांना ते जमत नव्हते त्यांनी पळवाट काढली. कॅलिफोर्नियासह चार राज्यांच्या गरिबांसाठीच्या विमा योजनांनी नव्या संकेतांकांचे आतल्या आत जुन्यांत भाषांतर करूनच देयके ठरवली.

जुलै २०१५ मध्ये सरकार आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन यांनी मिळून एक सवलतही जाहीर केली. संकेतांक योग्य कुळातला असेल, तर तो पुरेसा बारकाईने दिलेला नाही एवढ्याच कारणाने पहिले वर्षभर डॉक्टरांचा दावा नाकारला जाणार नाही.

निकाल आणि राहिलेला प्रश्न

१ ते २७ ऑक्टोबर २०१५ या काळात मेडिकेअरकडे दररोज सरासरी ४६ लाख दावे आले. नव्या यादीतील अवैध संकेतांकामुळे परत गेलेले दावे ०.०९ टक्के होते. जुन्या संकेतांकामुळे परत गेलेले ०.११ टक्के. तपासून नामंजूर झालेले १०.१ टक्के, म्हणजे बदलापूर्वीच्या १० टक्क्यांएवढेच. ज्या आपत्तीची भाकिते झाली होती ती आली नाही. आपत्ती टळली की 'उगाच एवढा गाजावाजा केला' असे म्हटले जाते. पण भाकीत खोटे ठरले ते तयारीमुळे की मुळातच धोका नव्हता म्हणून, हे शेवटच्या आकड्यावरून कळत नाही. चाचण्यांत सापडलेल्या आणि दुरुस्त झालेल्या चुकाच त्याचे उत्तर देऊ शकतात. चाचणीला आपणहून पुढे आलेल्या संस्था बहुधा आधीच सज्ज असतात, हेही विसरू नये.

तथापि ही सगळी परीक्षा यंत्रणेची होती: दावा जातो का, पैसे येतात का. अर्थ टिकला का, हा १९९९ मध्ये विचारलेला प्रश्न या वेळी मागे पडला. मृत्युदाखल्यांसाठी बांधला होता तेवढा भक्कम पूल रुग्णालयांतील नोंदींसाठी तयार नव्हता. त्याचा परिणाम लवकरच दिसला. अफूजन्य औषधांशी संबंधित रुग्णालय-भरतीचा आकडा २०१५ च्या तिसऱ्या तिमाहीतून चौथीत जाताना सुमारे १४ टक्क्यांनी उडी मारताना संशोधकांना आढळला. त्या देशात या व्यसनाचे संकट खरोखरच वाढत होते. नेमक्या अशा वेळी किती वाढ खरी आणि किती यादीची, हे सांगणे अवघड होऊन बसले. पैशांचा हिशेब जुळला, ज्ञानाचा हिशेब अर्धवट राहिला.

आपल्यासाठी यात काय आहे?

भारतात जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे आणि मृत्यूचे वैद्यकीय कारण प्रमाणित करण्याची पद्धतही आहे. परंतु २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. आयसीडीची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मान्य होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी पद्धतींतील रोगनामांचा तिला जोडलेला विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत प्रकाशित झाला. जो जो देश या आवृत्तीकडे वळेल त्याला वरील दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. महिनाभर विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीची कारणे त्यांच्याच शब्दांत चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावीत. त्यावर नाव नको. मग एका गटाने पाच सदरांची आणि दुसऱ्या गटाने पंधरा सदरांची यादी स्वतंत्रपणे तयार करून त्याच चिठ्ठ्या लावाव्यात. 'ताप आला म्हणून लग्नाला थांबलो' ही चिठ्ठी कोणत्या सदरात जाते यावर वाद होईल, आणि तो व्हायलाच हवा. दोन्ही याद्यांत समान असलेल्या प्रत्येक सदरातील चिठ्ठ्या मोजून तुलनाक्षमता गुणोत्तर काढावे. शेवटी एक अट घालावी: 'आजारी' या सदरातील गैरहजेरी माफ, बाकीची नाही. पुढच्या महिन्याच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचाव्यात. लंडनच्या त्या वृद्ध स्त्रियांबद्दल ग्राँटने काय ओळखले होते, ते मुलांना न सांगता कळेल.